अठ्ठावन्न किलोंचा माणूस

आमच्या गाळ्यात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे कुठून निघाले ते कोणालाच न आठवणारे नट-बोल्ट, आणि दुसरे किस्से. नट-बोल्टांसाठी दत्ताकाकांनी बिस्किटांचे रिकामे डबे ठेवलेत, साइजप्रमाणे. किश्शांना डबा नाही. ते माझ्याकडेच पडून असतात आणि आता सांडायला लागलेत, म्हणून इथे ओतते.

गाळा करी रोडला, आमच्या चाळीच्या तळमजल्यावर. दत्ताकाकांचं आडनाव परब, ते मिलमध्ये फिटर होते. संपानंतर मिल गेली, काकांचे पाने राहिले. पुढची सगळी वर्षं त्यांनी या गाळ्यात लोकांचे पंप, पंखे आणि पिठाच्या गिरण्या दुरुस्त केल्या, आणि साठी उलटल्यावर एक दिवस टेम्पोतून रेसची गाडी आणून उतरवली! मोडकी, एका माणसाची, बिनछपराची, चारही चाकं अंगाबाहेर. अख्ख्या चाळीने विचारलं, "कशाला?"

"पंखा दुरुस्त केला की तो तिथल्या तिथेच फिरतो," काका म्हणाले. "ही दुरुस्त केली की लांब जाईल."

गाडी चालवते अनघा. शिवाजी पार्कला तिचा दातांचा दवाखाना आहे आणि मी, सुषमा, दादरच्या लॅबमध्ये तिच्या पेशंटांच्या कवळ्या बनवते. तिला रेसची हौस, काकांना दुरुस्तीची. गाठ मी घालून दिली. चौथा जयवंत. तो कोळीवाड्यात होड्यांचं फायबरचं काम करतो, त्यामुळे गाडीचं नाक आणि अंग त्याच्याकडे.

आणि आमच्यात नसलेले, पण प्रत्येक किश्शात असलेले मोहिते. चाळीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना गाळा रिकामा हवा होता. गाळ्यात पंप चालतो, गिरणी चालते, रेसची गाडी चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. गाळा गेला असता तर गाडी सरळ भंगारात गेली असती, कारण या भागात आता टॉवरवाल्यांशिवाय कोणाला हातभर जागा मिळत नाही. आणि गाडी गेली असती तर काकांचं काय झालं असतं, हा विचार आम्ही कोणी मोठ्याने करत नव्हतो.

*

गाडी आली त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या सावंतकाकी खास जिना उतरून बघायला आल्या. गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, मग कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"दत्ता, ह्येचा झाकण खंय गेला?"

"झाकण नसताच ह्येका, काकी."

"आणि चाकां भायर कशी?"

"ती पण अशीच असतत."

काकींनी आणखी एक फेरी मारली. "म्हणजे अर्धीच गाडी गावली तुका!"

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. "काकी, अख्खी गाडी कोणय चलयता!"

*

रेस होतात तिकडे दक्षिणेत. टेम्पोने दीड दिवस. बाकीच्या टीम मोठ्या ट्रकमधून येतात, त्यांच्याकडे एकसारखे टी-शर्ट असतात आणि प्रत्येक चाकामागे एक लॅपटॉप असतो. आमच्याकडे दत्ताकाकांची पत्र्याची पेटी, आणि जेवणाचा डबा.

पहिल्याच वेळी सरावात अनघा कडेला रचलेल्या टायरच्या भिंतीवर आदळली आणि गाडीचं नाक फुटलं. जयवंतने रात्रभराची मुदत मागितली नाही, दोन तास मागितले. त्याच्याकडे होड्यांचंच सामान होतं, त्यामुळे पांढऱ्या गाडीला निळं नाक आलं, खाली लाल पट्टा. होडीला असतो तसाच. घाईत त्याने सवयीने दोन्ही बाजूंना डोळेसुद्धा काढले!

तपासणीचे साहेब आले. नाकावर टकटक केलं, डोळ्यांकडे बघितलं, मग जयवंतकडे.

"ये बोट का काम है. रेस कार पे चलेगा?"

जयवंत म्हणाला, "साहेब, आमची होडी खडकावर आपटते तेव्हा आजूबाजूला पाणी असतं. पोहत घरी यायला लागतं. तुमच्याकडे तर जमीन आहे!"

साहेबांना मराठी किती कळलं माहीत नाही. पण त्यांनी नाकावर दोन्ही हातांनी जोर देऊन बघितला, आणि पास झाल्याचा स्टिकर चिकटवला. ते डोळे आम्ही अजून पुसलेले नाहीत.

*

आता थोडं वजनाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

चार पायांचं टेबल एका पायावर डुगडुगतं ना, तसं रेसच्या गाडीचंही होतं. चारही चाकांवर भार नीट वाटला गेला नाही, तर गाडी एका बाजूला छान वळते आणि दुसरीकडे रुसते. म्हणून चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून, स्प्रिंग वरखाली करून भार जमवायचा. मोठ्या टीमकडे त्यासाठी खास काटे असतात. आमचे जयवंतची आई मासळी बाजारातून आणून देते. बाजार उठला की काटे आमचे. धुऊन देते, तरी वास जात नाही. ट्रॅकवर दुसऱ्यांच्या गाड्यांभोवती इंजिनिअर असतात, आमच्या गाडीभोवती मांजरं!

काटे एका पातळीत लागतात, आणि आमच्या गाळ्याची जमीन शंभर वर्षं जुनी. मग काका कागद लावतात. त्यांच्याकडे एक खण भरून कागद आहेत. लग्नपत्रिका, विजेची बिलं, कॅलेंडरची पानं. प्रत्येकाची जाडी तोंडपाठ. "सुषमा, तुझ्या चुलतभावाची पत्रिका दे," असं म्हणाले की समजायचं, अर्धा मिलिमीटर हवाय. माणूस गाडीत बसला की जुनी लादी पुन्हा केसभर दबते, मग पुन्हा कागद. चाळीत कोणाचं लग्न ठरलं की काका आधी विचारतात, "पत्रिका जाड काढताय ना?"

आणि हो, वजन करताना ड्रायव्हर गाडीत बसलेला हवा. अनघा अठ्ठावन्न किलोंची. पण तिला दवाखाना सोडून दर वेळी येता येत नाही. इथून लफडी सुरू झाली.

*

काकांनी तोडगा काढला. पन्नास किलोंचं तांदळाचं पोतं सीटवर, आठ किलो बटाटे एका जुन्या पँटमध्ये भरून पायांच्या जागी, आणि वर हेल्मेट. एकदम माणूस!

तीन दिवस तो तिथेच बसून होता, कारण काकांचं सेटिंग तीन दिवस चालतं. चौथ्या दिवशी पहिली नोटीस आली. "गाळ्यात अनधिकृत भाडेकरू ठेवल्याचे निदर्शनास आले आहे. सदर इसम तीन दिवस सलग संध्याकाळी वाहनात बसलेला आढळला."

काकांनी मोहित्यांना आत बोलावलं, गाडीजवळ नेलं आणि भाडेकरूचं हेल्मेट उचललं.

"कोलम आहे," काका म्हणाले. "भेटा."

मोहिते पोत्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हसतील. पण ते एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. "नोटीस दिली ती दिली," एवढं बोलून निघून गेले. काकांनी नोटीस दोन बोटांत धरून बघितली, "पातळ आहे," म्हणाले आणि खणात टाकली.

तीन संध्याकाळी रोज जाळीतून डोकावणारा माणूस तक्रारीसाठीच डोकावत असणार, असं मला तेव्हा वाटलं होतं.

*

त्याच सेटिंगवर रेस झाली. सुरुवातीच्या आधी एक ड्रायव्हर आमच्याकडे आला, गाडी न्याहाळली आणि अनघाला विचारलं, "मॅडम, ड्रायव्हर कुठे आहेत?"

अनघा रागावली की आवाज आणखी गोड करते, पेशंटांची सवय. "रेस सुरू झाली की पुढे बघत राहा. पाठ दिसेल, ती त्यांचीच."

पहिल्याच वळणावर कळलं की काहीतरी भयंकर बिघडलंय. गाडी उजवीकडे लोण्यातून गेल्यासारखी वळत होती आणि डावीकडे वळायलाच तयार नव्हती! अनघा डाव्या वळणावर लोकांना पुढे सोडायची आणि उजव्या वळणावर गाठायची. ट्रॅकवर उजवी वळणं जास्त होती म्हणून निभावलं. चौदा गाड्यांत अकरावी आली. तो सद्गृहस्थ तेरावा.

"दिसली?" एवढंच तिने विचारलं.

घरी आल्यावर काकांनी पोतं तोललं. पन्नासचं सेहेचाळीस! डाव्या बाजूला मुठीएवढं भोक. आम्ही स्प्रिंग आवळत होतो आणि उंदीर तांदूळ खात होते. पोतं एका बाजूने हलकं होत गेलं, काका तसतशी गाडी जमवत गेले. तीन दिवस आमची गाडी उंदरांनी सेट केली होती.

काकांना मात्र ते फार लागलं. दोन दिवस गाळ्यातली बिळं बुजवत बसले. मग म्हणाले, "यापुढे जिवंत माणूस. अठ्ठावन्न किलो. नाहीतर गाडी गाळ्याबाहेर जाणार नाही."

*

दुसरी नोटीस आवाजाबद्दल होती. इंजिन सुरू करून रहिवाशांची शांतता भंग केल्याबद्दल.

काका हट्टाला पेटले. म्हणाले, आता शांतता नसेल तेव्हाच सुरू करतो. गणपतीच्या आधी आमच्या गल्लीत ढोल-ताशा पथकाचा सराव असतो, तेव्हा आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. ऐन त्या वेळी काकांनी इंजिन सुरू केलं. पाच मिनिटांत पथकाचा प्रमुख गाळ्याच्या दारात, गळ्यात ताशा.

"काका, बंद करा ना जरा! पोरांचा ठेका चुकतोय!"

काका इतके खूश झाले की त्याला चहा पाजला. लालबागच्या शेजारी ढोलपथकाने आवाजाची तक्रार करायची! आमच्या इंजिनला मिळालेलं ते आजवरचं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट. दुसरी नोटीसही खणात गेली.

*

तिसरी नोटीस आली ती रेसच्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी. चार वाजता टेम्पो येणार होता. नव्या स्प्रिंग बसवलेल्या, काटे मांडलेले, आणि माणूस नाही! अनघाकडे संध्याकाळपर्यंत पेशंट. जयवंत नव्वदच्या पुढे. काका ओले करून तोलले तरी पन्नास. माझं वजन मी इथे लिहिणार नाही.

आणि दारात मोहिते. हातात तीन-तीन पानांच्या दोन प्रती, जाड कागद, प्रत्येक पानावर शिक्का.

"परब, ही शेवटची. सात दिवसांत गाळा रिकामा. आठव्या दिवशी कुलूप." खिशातून नवंकोरं पितळी कुलूप काढून त्यांनी दाखवलं. "कमिटीचा ठराव झालाय. ही तुमची प्रत. ही ऑफिस कॉपी, हिच्यावर पोच म्हणून सही करा."

काकांनी आपली प्रत हातात घेतली आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या पान्यांकडे बघितलं. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. जयवंतनेही पाहिलं असणार, कारण तो उगाच खाली वाकून काटे पुसायला लागला.

मग काका वळले, आणि मोहित्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"सेक्रेटरी, वजन किती तुमचं?"

"काय संबंध?"

"सही करतो. चपला काढा आणि या काट्यावर उभे राहा."

सहीच्या आशेने मोहिते उभे राहिले. सत्तावन्न किलो तीनशे. "कुलूप हातात धरा," काका म्हणाले. सत्तावन्न सातशे. "सोसायटीच्या किल्ल्या कुठायत?"

किल्ल्यांच्या जुडग्यासकट बरोबर अठ्ठावन्न! जयवंत ओरडलाच.

"मी नोटीस द्यायला आलोय," मोहिते म्हणाले.

"मग द्या ना, बसून द्या. गाळ्यात खुर्ची नाही. ही एकच सीट आहे."

मला वाटलं, आता तडक निघून जातील. मोहित्यांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा सीटकडे. मग ऑफिस कॉपी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, कुलूप-किल्ल्या पँटच्या खिशात टाकल्या, आणि गाडी काट्यांवर चढवल्यावर गपचूप आत उतरले. खांदे तिरके करून, पाय लांब सोडून, कोणी न शिकवता. मी हेल्मेटचा पट्टा लावायला गेले, तर म्हणाले, "राहू दे. मला माहीत आहे कसा लावतात."

तीन दिवसांचं काम काकांनी तासाभरात आटपत आणलं. मोहिते पापणीसुद्धा न हलवता दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते. शेवटी उजव्या पुढच्या काट्यावर गाडी अडली. लादी दबली होती. काकांनी खण उघडला. हव्या त्या जाडीचं काही उरलं नव्हतं. काकांनी इकडेतिकडे बघितलं, बाकावरची आपली नोटीस उचलली, अंगठ्याने दाबून पाहिली, घडी घातली, आणखी एक घडी घातली. जयवंतने कोपरा जॅकवर उचलला. नोटीस काट्याखाली गेली.

मी वाकून आकडे वाचले. "काका, अजून केसभर कमी आहे."

काकांनी खण पुन्हा चाचपला. मग हेल्मेटमधून आवाज आला.

"परब."

"हलू नका सेक्रेटरी, आकडे हलतात."

"मी हलत नाहीये. माझ्या खिशात ऑफिस कॉपी आहे. ती लावून बघा."