कळव्याच्या घरातले देव

असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. आजही मानते असं म्हणणार नाही. घडलं तेवढं लिहिते.

एकोणनव्वद साल. आम्ही डोंबिवलीत राहायचो. दोघांच्या पगारात मुलींची शिक्षणं होईनात, म्हणून मी ठरवलं — एक पडीक घर घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि विकायचं. कळव्यात खाडीच्या बाजूला एका कोळी आजींचं दोन खोल्यांचं बैठं घर मिळालं. माझ्या पाटल्या आणि हार गहाण टाकला, उरलेलं पतपेढीचं कर्ज. सहा महिन्यांत घर विकलं नाही तर दागिने गेले.

नवी कौलं, लादी, कडप्प्याचा ओटा... सगळं केलं. बाहेरच्या खोलीत भिंतीत देवांचा कोनाडा होता. आजींना आधी विचारलं.

"माजे देव मी नेले गो बाय," त्या म्हणाल्या.

मग कोनाडा विटांनी बुजवला. वर प्लास्टर, रंग. गिऱ्हाइकाला कपाटासाठी सरळ भिंत लागते.

रविवारी सकाळी पहिलं जोडपं आलं. बाईंना ओटा आवडला. मग त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "अजून हलवले नाहीत होय देव? समईपण लावलीय." मी पाहिलं — पांढरी, सपाट भिंत. म्हटलं, भाव पाडायची नवी युक्ती. पुढच्या रविवारी एक निवृत्त मास्तर आले. चपला काढून थेट भिंतीला नमस्कार! "दुसऱ्याचे देव बसलेत तिथे आपण कसं राहायचं?" म्हणाले आणि गेले. ही माणसं एकमेकांना ओळखतही नव्हती.

"अगं, तुला दिसतंय का काही?" मिस्टरांनी विचारलं.

"मला हप्ता दिसतोय."

पाचव्या महिन्यात विठ्ठलवाडीचे एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. भाव मान्य. "पण वहिनी, तुमचे देव हलवा. मग टोकन देतो."

"आणि नीट हलवा हो, घाईत नको," बायको म्हणाली.

"उद्या हलवते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली. ताम्हण, अक्षता, कोरा खण घेतला. आतून कडी लावली — कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं. कोऱ्या भिंतीला अक्षता वाहिल्या, "चला" म्हटलं आणि हवेतून एकेक उचलून ताम्हणात ठेवल्यासारखं केलं. किती ते माहीत नव्हतं. पाचव्यानंतर हात पुढे जाईना.

रिकाम्या ताम्हणावर खण टाकून निघाले. आजी जवळच, लेकीकडे राहायच्या. तेवढ्या वाटेत दोनदा हात बदलावा लागला... बोटांना वळ पडले.

आजींनी खण उचलून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ताम्हण पुन्हा नीट झाकलं.

"हे माजे नाय गो बाय."

मग कुणाचे? ते विचारायला मी थांबले नाही. ताम्हण घरी आणून आमच्या देव्हाऱ्यात ठेवलं. त्या रविवारी गृहस्थांनी भिंत पाहिली, "आता कसं मोकळं वाटतं," म्हणाले आणि टोकन दिलं. दागिने सुटले. नंतर दुसरं घर घ्यायचं मी नावही काढलं नाही.

या सगळ्याला कारण काय, मला सांगता येत नाही. वर्षातून एखादा पाहुणा देव्हाऱ्यापुढे थबकतो आणि विचारतो, "हे पाच कुणाचे हो?"

"आमचेच," मी म्हणते. मला तिथे रिकामं ताम्हणच दिसतं.