मोजणीत न आलेले श्रोते

आमच्या गावचं रेडिओ स्टेशन व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत होतं. नेदरलँड्समध्ये, नीउ-व्हेनेपच्या पुढे, बीट-बटाट्याच्या शेतांमधलं हे गाव. स्टेशनवर लागायची ती अमेरिकन गुराख्यांची कंट्री गाणी इथे कोण ऐकत असेल, असं मलाही सुरुवातीला वाटलं होतं. स्टेशन काढलं एका ट्रकड्रायव्हरने, आधी घराच्या माळ्यावरून, चोरून. मग नगरपालिकेचा परवाना मिळाला, खोली मिळाली, भिंतींवर जुने गालिचे ठोकले गेले. मी तिथे गेलो तोवर ते ट्रकड्रायव्हर निवृत्त झाले होते आणि दर रविवारी सकाळी स्वतःच्या रेकॉर्डी घेऊन यायचे.

मी आयटीतला माणूस. डच सुधारेल म्हणून स्वयंसेवक झालो. यंत्रं माझ्याकडे आली, फोनही. वाढदिवसाला, इस्पितळात पडलेल्या भावाला, कुणाची गाय व्यायली म्हणूनसुद्धा लोक गाणं मागायचे. मी निरोप लिहून घ्यायचो, ते वाचून दाखवायचे आणि गाणं लागलं की माझे उच्चार सुधारायचे. बायको त्यांना ‘तुझे गुराखीबुवा’ म्हणायची.

पुढे आसपासच्या गावांची स्टेशनं एकत्र करायचं ठरलं. रविवारचा कार्यक्रम ऐकतं तरी कोण, असा प्रश्न समितीत निघाला. मी आलेख दाखवला. रेघ जवळजवळ तळाला टेकलेली. ती फक्त इंटरनेटवरून ऐकणाऱ्यांची होती. ट्रॅक्टरमध्ये, गोठ्यात, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात चालू असलेला साधा रेडिओ त्या मोजणीत येणं शक्यच नव्हतं. ही गोष्ट मी सांगितली नाही आणि दुसऱ्या कुणाच्या ती लक्षात आली नाही. अध्यक्ष म्हणाले, शेवटी कुणीतरी भावना बाजूला ठेवून आकडे आणले. मला ते आवडलं. इतक्या वर्षांत डच लोकांच्या बैठकीत माझं बोलणं पहिल्यांदाच कुणी मध्ये तोडलं नव्हतं. गप्प राहण्याचं कारण एवढंच. याहून बरं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

गुराखीबुवा माझ्यासमोरच बसले होते. आलेखाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे तीच चार माणसं मन राखायला फोन करत होती.” आमचं स्टेशन बंद करायचं ठरलं. शेवटचा, निरोपाचा कार्यक्रम करायला त्यांनी नकार दिला. बंद होत असल्याची सूचना आम्ही फक्त वेबसाइटवर टाकली.

ट्रान्समीटर बंद झाल्यावर लोक रेडिओ घेऊन दारात यायला लागले. आपलाच रेडिओ बिघडला, असं त्यांना वाटत होतं. एक म्हातारी बाई सायकलच्या टोपलीत, टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या. बॅटऱ्या नव्या घातल्यात, म्हणाल्या. मी त्यांना खरं काय ते सांगितलं, पण माझा भाग सोडून.

घरी मात्र सगळं सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं. “आणि गुराखीबुवांना?”

“त्यांना सांगून आता काय होणार?”

“काही नाही होणार. पण आपल्याला कुणी ऐकत नव्हतं, असं धरून बसलेत ना ते.”

त्यावरही दोन हिवाळे गेले. गेल्या महिन्यात मी त्यांना फोन करून वेळ ठरवली आणि गेलो. इथे तसंच जावं लागतं. त्यांनी कॉफी ओतली. मी आलेखाचं सांगितलं, मला माहीत होतं हेही सांगितलं.

“फोन तर तूच घ्यायचास,” ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग विचारलं, “रेडिओ घेऊन कोण कोण आलं होतं?”

मी आठवेल तसं सांगत गेलो. टॉवेलवाल्या बाई, कालव्याकाठचे दोघे भाऊ, वृद्धाश्रमातली स्वयंपाकीण. ते मध्ये मध्ये थांबवत होते: ती अजून आहे का, भावांपैकी थोरला की धाकटा, काय म्हणाला. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. माझ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही.