सहा डाव्या पावलांना एक थेंब

माझं पोस्टिंग तेव्हा पुण्यातल्या एका मिलिटरी हॉस्पिटलमध्ये होतं. मी शिपाई तांबे, नर्सिंग असिस्टंट. हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपन्या नुकत्याच यायला लागल्या होत्या. आमच्या वॉर्डातही औषधाचा वेग सांभाळणारे इलेक्ट्रिक पंप आले. आकडा दाबा, बाकी पंप बघतो. आम्ही पोरं खूश.

हवालदार भोईटे खूश नव्हते. त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला पास. रोज सकाळी सहाला ते आम्हाला उभं करून तोंडी हिशेब विचारायचे. पेन्सिल काढली की मैदानाला एक चक्कर.

"सलाईनच्या बारीक सेटमध्ये एका मिलीचे थेंब किती?"

"साठ, उस्ताद."

"तासाला वीस मिली द्यायचंय. मिनिटाला थेंब किती?"

"वीस."

"भागाकार केलास?"

"नाही, उस्ताद."

"करायचाच नाही. साठ मिनिटं आणि साठ थेंब एकमेकांना खाऊन टाकतात."

डोपामिन हे पडलेलं ब्लडप्रेशर वर आणणारं औषध. त्याचाही त्यांच्याकडे तोडगा होता. शंभर मिलीत एक ॲम्प्यूल आणि माणूस सहासष्ट किलोचा, तर डोसच्या दुप्पट थेंब. पाचचा डोस, दहा थेंब. मी एकदा गुपचूप कागदावर मांडून पाहिलं. उत्तर नऊ पॉइंट नऊ आलं. हे उस्तादांना सांगण्याची हिंमत मी केली नाही.

एका मंगळवारी परेडवर नायब सुभेदार साळवींना हार्ट अटॅक आला. वजन सहासष्ट-सदुसष्ट. १०:१० ला त्यांना ॲम्ब्युलन्समधून मोठ्या हॉस्पिटलकडे हलवलं. सोबत डॉक्टर कॅप्टन साहेब, उस्ताद आणि मी. १०:२५ ला ट्रॅफिकमध्ये अडकलो. पुढे कंपनीची बस, मागे ट्रक. १०:२८ ला पंपाची बॅटरी बसली आणि डोपामिन थांबलं. ब्लडप्रेशर सत्तरवर आलं. आणखी उतरलं असतं तर साळवी साहेब तिथेच संपले असते.

कॅप्टन साहेब नवीन होते. त्यांनी खिशातून कॅल्क्युलेटर काढला.

"पाचचा डोस ना, साहेब? दहा थेंब," उस्ताद म्हणाले आणि बारीक सेट माझ्या हातात दिला. साहेबांनी आकडे दाबले, उत्तर पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

गाडी गचके देत इंच-इंच सरकत होती. थेंब बघायचे की घड्याळ? उस्तादांनी बूट आपटायला सुरुवात केली. तेज चल, मिनिटाला एकशे वीस पावलं. म्हणजे डावा पाय मिनिटाला साठ वेळा.

"सहा डाव्यांना एक थेंब. लाव."

मी लावलं. उस्तादांची बोटं साळवी साहेबांच्या मनगटावर होती, नजर माझ्याकडे नव्हतीच. दोन मिनिटांत ते म्हणाले, "तांबे, दोन्ही पाय मोजतोयस. डावाच मोज."

खरंच, मी प्रत्येक बूट मोजत होतो. दुप्पट औषध जात होतं. ते त्यांनी नुसत्या नाडीवरून ओळखलं होतं. मी थेंब निम्म्यावर आणले आणि नाडी शांत झाली. १०:५१ पर्यंत उस्तादांचा बूट एकदाही चुकला नाही. कॅप्टन साहेबांनी कॅल्क्युलेटर कधीच खिशात ठेवला होता, ते त्या बुटाकडे बघत बसले होते. मीही. इतकी वर्षं झाली, पण अजून तसं काही पाहिलेलं नाही.

साळवी साहेब वाचले.

पुढच्या वर्षी उस्ताद सरहद्दीवर गेले. एका ठाण्यावर जखमी जवानाला सलाईन लावताना तोफगोळा पडला. दोघंही गेले.

उस्तादांच्या गावी मी गेलो, तर साळवी साहेब आधीच आलेले. तिरडी उचलताना ते पुढे झाले.

"साहेब, तुम्हाला वजन उचलायला मनाई आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे. सरक."

मी सरकलो. स्मशानापर्यंत त्यांनी कुणाला खांदा बदलू दिला नाही.