सगळं घर पंधरवड्याच्या भाड्याने

"मडक्याचं तोंड तुम्ही सोडा, मावशी," फौजदार मला म्हणाले आणि मागे सरले. कुदळ धरलेला शिपाई तर पाठ फिरवून उभा राहिला. मडकं परसात केळीच्या बुंध्याशी पुरलेलं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. आत नुकतं जन्मलेलं पोर असणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मी गाठ सोडली. ते मडकं मी अजून विसरलेले नाही.

आत वार होती, बाळंतपणानंतर पडते ती. पोर नव्हतं.

"मग पोर कुठाय?" फौजदारांनी विचारलं.

मी ठाण्याच्या पोलीस कचेरीत कामाला होते. बायकांची झडती घ्यायची आणि कोठडीत बाई असली की तिच्याजवळ बसायचं, हे माझं काम. शिक्षण चार यत्ता. नावं कोणाचीच लिहीत नाही, त्या लोकांची मुलंमाणसं अजून आहेत.

घर स्टेशनापासून कोपरीकडे जाणाऱ्या वाटेवर होतं. मालकीण कारकुनाची विधवा, लाल आलवणातली, सोवळ्याओवळ्याला कडक. नवरा गेल्यावर तिने ओटीलगतची खोली एका शाळामास्तरांना भाड्याने दिली होती आणि स्वतः माजघरात राहत होती. मग मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आला. तिथली माणसं ठाण्या-कल्याणला येऊन उतरू लागली. त्यांना खोली नको होती. अख्खं घर हवं होतं, तेही पंधरवड्यापुरतं, फार तर महिन्यापुरतं. बाईने मास्तरांना बाहेर काढलं, घर रिकामं केलं आणि स्वतःचं बिऱ्हाड मागच्या गोठ्यात गाईशेजारी मांडलं.

खबर या मास्तरांनीच आणली. "आत एक तरणी बाई आहे, ती कधी बाहेर येत नाही. दारं-खिडक्या भर दुपारी बंद. तापाचं माणूस लपवलंय त्यांनी."

घराबाहेर काढलेला भाडेकरू खबर घेऊन आला की तिच्यातलं अर्धं रागाचं असतं. फौजदारांनाही ते ठाऊक होतं. पण तापाचं माणूस लपवलं असेल तर अख्खी आळी जाईल, म्हणून ते निघाले. बाईच्या काखा पुरुषाने तपासायच्या नाहीत, म्हणून मला बरोबर घेतलं.

दार एका पोक्त बाईने उघडलं. ती त्या मुलीची आत्या. दोघींना इथे आणून सोडणारा पुरुष दुसऱ्याच दिवशी मुंबईला परत गेला होता. आत्या म्हणाली, "साधा हिवताप आहे. झोपलीय ती." मी तिला बाजूला करून आत गेले.

मुलगी तापाने भाजत होती. काखेत गाठ नव्हती, जांघेत नव्हती. पण पोट पट्ट्याने आवळलेलं, छाती दुधाने दगडासारखी झालेली, कपाळ कोरं आणि गळा मोकळा. मी समजले. तिने माझं मनगट धरलं. "रडली होती ती. मी ऐकलं. कुठाय?"

"तापात बरळतेय," आत्या दारातून म्हणाली.

मी बाहेर येऊन फौजदारांना सांगितलं. त्यांनी एका शिपायाला डोलीची सोय करायला पिटाळलं आणि आत्याला ओटीवर बसवून विचारायला सुरुवात केली. ती शिकलेल्या घरातली होती, आवाज चढवत नव्हती. पोर मेलेलंच जन्मलं, म्हणाली. कुठाय ते? केळीखाली पुरलं. म्हणून खणलं, तर वार निघाली. तेव्हा तिने हात मालकिणीकडे केला. "त्यांना दिलं. त्या म्हणाल्या, मी बघते."

मालकीण गोठ्याच्या दारात उभी होती. फौजदार तिच्यावर चिडले. "घर भाड्याने देता की धर्मशाळा चालवता? आत कोण येतं, काय करतं, बघत नाही?"

"घरात पाय ठेवायचा नाही, ही त्यांची अटच होती. घर दिलं म्हणजे दिलं."

"पोराचं काय केलंत?"

"खाडीत सोडलं, कळव्याच्या बाजूला. मेलेलं होतं."

पापणी हलली नाही तिची. आत्यानेही लगेच मान डोलावली. दोघींचं इतकं जुळलं की मला ते आवडलं नाही. पण फौजदार खाडीवर माणसं पाठवायच्या गोष्टी करू लागले.

माझं लक्ष तुळशीकडे गेलं. चैत्राचं ऊन. वृंदावनातली माती भेगाळलेली, पानं वाळून खाली पडलेली. कडक सोवळ्याची बाई, आणि हातभर अंतरावर तुळस पाण्यावाचून मेलेली.

"काकू, तुळशीला पाणी कधीपासून नाही?" मी विचारलं.

ती पहिल्यांदाच अडखळली. "बरं नाही मला."

"आणि देवांची पूजा?"

कुंपणापाशी मास्तर उभे होते. खबर देऊन घरी जाणारे ते नव्हेत. ते म्हणाले, "देव माझ्याकडे दिलेत त्यांनी. मागच्याच आठवड्यात. मला वाटलं, गोठ्यात जागा नसेल."

मी फौजदारांना बाजूला घेतलं. "साहेब, मेलेलं पोर सोडून आलेली बाई डोक्यावरून पाणी घेते आणि मोकळी होते. ही आठवडाभर देवाला शिवत नाही. म्हणजे हिला रोज विटाळ होतोय. रोज हात लागतोय कशाला तरी. गोठा बघू द्या."

मालकीण दारात आडवी आली. "गाय मारकी आहे, जाऊ नका." शिपायाने तिला हाताला धरून दूर केलं. गाय गरीब होती.

गवताच्या भाऱ्यांमागे सूप होतं. सुपात जुन्या लुगड्यात गुंडाळलेली मुलगी. वाटीत दूध, त्यात कापसाची वात. मी गालाला हात लावला, तरी ती हलेना. ओठ निळसर. तळपायाला टिचकी मारली, तरी रडेना.

"अफू दिलीस?" मी ओरडले.

"मोहरीएवढी. रडली तर ती ऐकेल." मालकिणीने आत्याकडे बोट केलं. "जिवंत पोर हातात देऊन म्हणाली, खाडीत टाका. मी होय म्हणाले. नाही म्हटलं असतं तर तिने स्वतःच टाकलं असतं."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?" फौजदारांनी विचारलं.

"तुम्ही काय केलं असतं? नातलग आहे म्हणून तिच्याच हातात दिलं असतं."

तसंच झालं असतं.

मी पोरीला उलटंसुलटं चोळत, तोंडावर पाणी शिंपडत इस्पितळापर्यंत नेलं. मागून डोलीत तिची आई. वाटेत एकदा पोर कण्हली, तेवढ्यावर मी चालत राहिले.

आत्यावर खटला झाला. कोर्टात ती म्हणाली, पोर मेलेलं समजून दिलं. साक्षीला मालकिणीच्या शब्दाखेरीज काही नव्हतं, आणि मालकीण आधी पोलिसांशी खोटं बोललेली. आत्या सुटली. पुरुषाचा पत्ता चुकीचा निघाला. मालकिणीने पोर दयेने ठेवलं की पुढे त्या लोकांना धरता यावं म्हणून ठेवलं, ते मी सांगू शकत नाही. मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने गाईला चारा घालायला पाठ फिरवली.

त्या वर्षी ठाण्यात आणि कल्याणात पुष्कळांनी असंच केलं. खोली देणं बंद केलं, अख्खं घर द्यायला लागले. त्यानंतर अशा घराची खबर आली की मी आधी एकच विचारायचे, मालक आत राहतो का? खोली दिली तर मालक भिंतीपलीकडे असतो. चूल कधी पेटली, कोण खोकलं, कोण रडलं, हे त्याला कळतं, आणि भाडेकरूलाही ठाऊक असतं की त्याला कळतंय. घर दिलं की हे संपतं. वाईट माणूस जास्त भाडं देतो ते कौलांसाठी नाही, मालक बाहेर राहावा यासाठी. आणि बाहेर बसलेला मालक चांगला असला तरी त्याला चोरून चांगलं वागावं लागतं. त्या अफूने पोर मेली असती, तर फासावर मालकीण गेली असती, आत्या नव्हे.

आई इस्पितळात बाळंतज्वराने गेली. मुलगी जगली.