फ्रीजरला घातलेला हार

आता ऐकाच माझं शहाणपण. चहात साखर जरा जास्त घाला, कारण हे सांगताना माझं तोंड अजून कडू होतं.

मी पिंपरीतल्या एका लॅबमध्ये पीएचडी करते. एक जीवाणू आहे. शरीरात शिरला की तो असं प्रोटीन सोडतो की आपल्या रक्तपेशी फटाफट फुटतात. ते प्रोटीन वेगळं काढून शुद्ध करायचं, हे माझं काम. दोन वर्षं घासली, तेव्हा कुठे चार-सहा नळ्या जमल्या. त्या डीप फ्रीजरमध्ये जिवापाड जपल्या होत्या. त्यांच्यावर शेवटचे प्रयोग झाले की प्रबंध, आणि सुटका!

आली खंडेनवमी. आपल्या पट्ट्यात त्या दिवशी हार न घातलेलं यंत्र सापडेल का हो? लॅबमधल्या पूजेचा पुढाकार अर्थात माझा. हळदकुंकू, झेंडू, पेढे, फोटो, सगळं झोकात झालं. मग दसऱ्याची सुट्टी.

सुट्टीनंतर आले तर फ्रीजरखाली तळं! अलार्मची बॅटरी केव्हाच गेलेली. एवढं जहाल प्रोटीन, आणि उकाड्याने मेलं! मी तिथेच फतकल मारून रडले.

मग बघते तर बटण बंद. डोकंच फिरलं माझं! शेजारच्या टेबलावरच्या स्वप्नीलशी फ्रीजरच्या कप्प्यावरून माझं जुनं भांडण.

"तूच बंद केलंस!"

"अगं ए, माझीपण सॅम्पल गेलीत आतली!"

"नाटकं नकोत! जळतोस तू माझ्यावर!"

"चल सरांकडे. कॅमेरा बघू."

"चल! सगळेच चला!"

हो, अख्खी लॅब मीच गोळा करून नेली. सरांनी रेकॉर्डिंग लावलं.

पडद्यावर एक बाई ओढणी खोचून येते. फ्रीजरचं बटण बंद करते. ओलं फडकं फिरवते. हार घालते. बाई कोण, सांगायला हवं का?

माझे वडील, आमचे अण्णा, पुनावळ्याचे, जन्म गेला चाकणच्या कंपनीत मशीनवर. लहानपणी पूजेला नेऊन दरडावायचे, "आधी बटण बंद, मग वल्लं फडकं! आन् पूजा झाली की मशीनला आराम. दसरा झाल्याबिगर चालू करायचं न्हाई!" डोक्यात पीएचडी शिरली हो, पण हात अण्णांचाच राहिला ना!

स्वप्नीलकडे बघायची माझी छाती होईना. आणि मेलं ते रेकॉर्डिंग काही थांबेना. मी फ्रीजरपुढे हात जोडून, डोळे मिटून उभी. ओठ हलतायत, हलतायत, हलतायत.

सर हळूच म्हणाले, "एवढा वेळ काय पुटपुटतेयस गं?"

"फ्रीजरला सांगत होते, सर," मी म्हटलं, "की माझ्या नळ्या आता तूच सांभाळ."