डोळे शेवटी

हमरापूरच्या बायजाला गावात जो मान होता, तो डोळ्यांमुळे. म्हणजे गणपतीच्या. शाडू मळणारे पुष्कळ, पीतांबराला पिवळा देणारे तर ढीगभर. पण आखणीला, डोळे काढायला, शेडमध्ये बायजाच लागे. शिक्षण सातवी. सातवीनंतर शिक्षणाने तिचा नाद सोडला होता. यंदाच्या मे महिन्यात त्याने तो पुन्हा धरला, तो नातीपायी.

मुलगी सुरभी रोह्याला दिलेली. तिची लेक दिशा दुसरीत, इंग्रजी शाळेत. दरवर्षी सुट्टीचा महिना ती हमरापूरला काढी आणि मातीने माखून परत जाई. यंदा मात्र विहीणबाईंचा फोन आला. या गिरजाबाई वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. घरात मात्र त्या पदावरून उतरल्या नव्हत्या.

"राग मानू नका हं. शाळेनं चाळीस इंग्रजी शब्द दिलेत पाठांतराला. तुमच्याकडे ते करून कोण घेणार? म्हटलं, यंदा नको पाठवायला."

"मी घेईन की."

"तुम्ही?"

"व्हय. मी."

पलीकडून हुकूम सुटला. "रविवारी आम्ही तिला घेऊन येतो. तुम्हाला शब्द येत असतील, तर दिशा महिनाभर राहील. नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं परत."

सुरभीने यादी मोबाइलवर पाठवली. शेडमध्ये रंगकामाला येणारी, पेणच्या कॉलेजात शिकणारी किमया हिने ती वाचली. "मावशी, शब्द चाळीस, पण घराणी दोनच. निम्म्यांच्या शेवटी आय-जी-एच-टी. लाइट, फाइट, टाइट. बाकीच्यांच्या तोंडाशी के-एन. नी, नाइफ, नॉक. यातले के आणि जी-एच बोलत नाहीत, नुसते बसतात."

"मंग ठेवलेत कशाला?"

"मानाचे असतील."

"आमच्या भावकीत बी हायत दोघं तसे. पत्रिकेत नाव पयलं, पंगतीत वाढायला कोण नाय."

अशी ओळख पटल्यावर बायजाला इंग्रजीची भीती उरली नाही. तिने पुठ्ठ्यावर शब्द उतरवून घेतले आणि शेडच्या रिवाजाने कामाला लागली. शेडमध्ये एकच गणपती उचलून तो पुरा करत नाहीत. तसं केलं तर वाटीतला रंग वाळतो. आधी सगळ्यांना अंगाचा रंग, मग सगळ्यांना पीतांबर, मग सगळ्यांना दागिने. डोळे शेवटी, एका बैठकीत. आणि डोळे नसलेली मूर्ती शेडच्या बाहेर जात नाही, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

त्याप्रमाणे सोमवारी बायजाने चाळीसही शब्दांची शेवटची नाहीतर पहिली अक्षरं केली. मंगळवार-बुधवारी उरलेली. अर्थ शनिवारवर ठेवले.

"थोडे अर्थ आत्ताच करा की," किमया म्हणाली.

"अर्थ म्हंजे डोळे गो. ते मधीच कोण काढतं?"

याचं उत्तर दिलं रेल्वेने. रविवारी मेगाब्लॉक असल्याचं कळताच गिरजाबाई गुरुवारीच सकाळच्या गाडीने हमरापूरला उतरल्या. एका हातात दिशा, दुसऱ्या हातात यादी. दिशाची बॅग आणली नव्हती. बायजाने आधी ते पाहिलं, मग हात पुसले.

गिरजाबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. समोर फळीवर चाळीस मूर्ती, नटून-थटून, डोळ्यांविना.

"नाइफ?"

"के-एन-आय-एफ-ई."

"ब्राइट?"

"बी-आर-आय-जी-एच-टी."

सहा शब्द झाले, दहा झाले. गिरजाबाईंच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या. किमया रंग ढवळायचा विसरली.

"छान. आता अर्थ. टाइट?"

बायजाने जसं होतं तसं सांगितलं, "त्यांचे डोळे व्हायचेत अजून."

"कोणाचे?"

"शब्दांचे. शनवारी होणार हुते."

गिरजाबाईंनी यादीची घडी घातली. नोकरीत असतानाही अपुरा अर्ज त्या अशाच परत करीत. "विहीणबाई, मेहनत दिसली. पण अर्थाशिवाय शब्द म्हणजे काय? चल दिशा, चारची गाडी आहे."

दिशा हलली नाही. तिने शाडूच्या घमेल्यात कोपरापर्यंत हात घातला होता. "अर्थ मला येतात. स्पेलिंग नाय येत."

"'नाही' म्हणावं."

"स्पेलिंग नाही येत. आजीला येतात."

बायजाने कुंचला उचलला. "बस हितं माझ्या बाजूला. मी डोळे काढते, तू अर्थ सांग. एका शब्दाला एक गणपती. विहीणबाई, गाडीला येळ हाय, च्या घ्या."

चहाला नाही म्हणणं शिष्टाचारात बसत नव्हतं. गिरजाबाई थांबल्या.

"टाइट," बायजा म्हणाली आणि श्वास धरून रेघ ओढली.

"आत्याचा लग्नातला ब्लाऊज," दिशा म्हणाली.

"दिशा!" गिरजाबाई म्हणाल्या, पण अर्थ बरोबर होता.

'नॉक'ला दिशाने बादली वाजवली. 'नी'ला गुडघा पुढे केला. 'नाइट', के-वाला, म्हणजे घोड्यावरचा मावळा. "सरदार म्हण," गिरजाबाईंनी दुरुस्ती केली आणि खुर्ची जरा पुढे घेतली. प्रत्येक अर्थानंतर आजी स्पेलिंग म्हणे, नात मागून म्हणे, आणि फळीवरचा आणखी एक गणपती गिरजाबाईंकडे पाहू लागे.

के-एन-ई-ए-डी पाशी दिशा अडली. तिने गिरजाबाईंकडे पाहिलं. गिरजाबाईंनी चष्मा पुसला, आणि तो पुसून झाल्यावरही त्यांना अर्थ आला नाही. शेवटी त्यांनी पर्समधून मोबाइल काढला.

"मळणे," त्यांनी वाचलं. मग घमेल्याकडे, दिशाच्या कोपरांकडे पाहिलं. "हे तुझं चाललंय ते."

तीन वाजता एकोणचाळीस गणपतींना डोळे आले होते. दिशाला सगळी नाहीत तरी तीसेक स्पेलिंगं यायला लागली होती. गिरजाबाई शब्द विचारायचं विसरून पापण्या कशा निघतात ते विचारत होत्या, आणि साडीला पिवळा लागल्याचं त्यांना कोणी सांगत नव्हतं.

"एकच राहिला," दिशा म्हणाली. "स्लाइट. आजी, त्याचा अर्थ..."

"थांब." बायजाने कुंचला पाण्यात बुडवून ठेवला. "हात दमला. तो र्‍हाऊ दे."

"अहो, एकच तर आहे," गिरजाबाई म्हणाल्या. "अर्थही अगदी किरकोळ."

"असू दे. पण डोळे झाल्याबिगर आमच्याकडं कायबी शेडबाहेर जात नाय." बायजाने दिशाच्या डोक्यावर हात ठेवला. "आता मोप काम पडलंय. त्या एकाला म्हयना तरी लागेल."

गिरजाबाईंनी त्या चाळिसाव्या गणपतीकडे पाहिलं. मग त्यांनी सुरभीला फोन लावला.

"ऐक. दिशाची बॅग उद्या पाठव. आणि त्यात तिचे जुने कपडे घाल, नवे नकोत."