आपण रूआँला जातोय

मागच्या सप्टेंबरपासून या एप्रिलपर्यंत आमचे हे, म्हणजे सुखदेव, एका परक्या बाईच्या सांगण्यावरून चालत होते. छत्तीस वर्षांत माझं त्याच्या निम्मं जरी ऐकलं असतं ना, तर मी आज महाराणी असते. ती कानात म्हणाली थांबा, की हे थांबले. ती म्हणाली आता डावीकडे वर बघा, की यांची मान वर. आणि समोर काय, तर सिडनीतल्या आमच्या क्वेकर्स हिलमधल्या कुणाच्या तरी गॅरेजचं दार! शेजारची किरण एकदा काळजीने घरी आली. म्हणाली, "आंटी, अंकल ठीक आहेत ना? आमच्या लेटरबॉक्सकडे पाच मिनिटं बघत उभे होते."

"ठीक आहेत गं," मी म्हटलं, "फ्रान्सला गेलेत."

ती बाई म्हणजे फोनमधलं ॲप. रूआँ नावाचं फ्रान्समधलं जुनं गाव आहे, तिथे गाईड न घेता आपलं आपण फिरायचं, कानात माहिती ऐकत. एकूण चौदा थांबे. पहिला मोठ्या चर्चपाशी. खरं म्हणजे तुम्ही त्या गावात असाल तर ॲप आपोआप बोलतं. पण हाताने बटण दाबलं तर बिचारी कुठेही बोलते, क्वेकर्स हिलमध्येही. तर यांनी स्टेशनासमोरच्या पायऱ्यांना चर्च केलं, स्टेशनच्या लिफ्टला मनोरा केलं आणि पावलं मोजून सगळं गाव आमच्या सबर्बमध्ये बसवलं. जोन ऑफ आर्कला जिवंत जाळलं तो चौक म्हणजे आमच्या पार्कातली बार्बेक्यूची जागा. मी म्हटलं, अहो, काहीतरी लाज बाळगा, तिथे लोक सॉसेज भाजतात. तर हे गंभीरपणे म्हणाले, "अंतर बरोबर जुळतंय, करुणा."

असा हा माणूस. इंजिनियर. पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत अठरा वर्षं दगड फोडायच्या मशिनी सांभाळल्या. क्रशर पाच मिनिटं बंद पडला तरी वरून फोन यायचा, का बंद, कधी सुरू, किती मिनिटं गेली. जेवताना फोन, आंघोळीत फोन. तिथे यांच्या हाताखाली पास्काल नावाचा एक म्हातारा फिटर होता, मूळचा रूआँचा. तो सांगायचा, आमच्या गावात रस्त्यावर कमान आहे, कमानीवर सहाशे वर्षांपूर्वीचं घड्याळ आहे आणि त्याला काटा एकच. तासाचा. मिनिटकाटा नाहीच! हे ऐकून हे जे घरी आले ते रात्रभर तेच बोलत होते. ज्या गावाला मिनिटं लागत नाहीत त्या गावात एकदा जायचं, त्या घड्याळाखाली उभं राहायचं. दुसरं काहीही मागितलं नाही हो या माणसाने आयुष्यात. गाडीसुद्धा दुसऱ्याने वापरलेली चालवली.

आता कालगुर्लीतली दुसरी गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

आमचा अनुप सहा वर्षांचा असताना आम्ही तिथे गेलो. मराठी शाळा कुठे? पर्थला, सहाशे किलोमीटरवर. म्हणून शाळा आमच्या किचनच्या टेबलावर भरायची. विद्यार्थी एक, मास्तर एक आणि प्यून मी. जीव ओतून अक्षरं गिरवून घेतली यांनी त्याच्याकडून. सगळं शिकला पोरगा, पण 'आपण' आणि 'आम्ही' यात अडकला. इंग्लिशमध्ये नुसतं 'वी'. त्यात कोण आत आणि कोण बाहेर, काही कळत नाही. मग यांनी युक्ती काढली. जेवायला बसलं की घास हातात धरून म्हणायचे, "हे बघ अनुप. तू मला 'आम्ही जेवलो' म्हणालास तर मी उपाशी. 'आपण जेवलो' म्हणालास तर माझंही पोट भरलं. आता बोल." पोरगा चुकला की घास खाली. एकदा तर भाजी पार गार झाली, शिफ्टवरून आलेला माणूस भुकेला बसून राहिला. शेवटी अनुप रडकुंडीला येऊन ओरडला, "बाबा, आपण जेवू! आपण!" यांनी त्याला उचलून डोक्यावर घेतलं. त्यानंतर पोरगा कधी चुकलेला मला तरी आठवत नाही.

असो. रिटायर झाल्यावर अनुपजवळ राहायचं म्हणून आम्ही सिडनीला आलो. तो आणि आमची सून उर्वी दोन स्टेशनं पलीकडे राहतात. मागच्या सप्टेंबरात, इकडे फादर्स डे तेव्हाच असतो, दोघं जेवायला आली. मी बिर्याणी केली होती. जेवता जेवता अनुप म्हणाला, "बाबा, मे महिन्यात आपण रूआँला जातोय."

यांच्या हातातला चमचा तसाच राहिला. "आपण?" यांनी विचारलं.

"हो, आपण! तुमचं ते घड्याळ!" असं म्हणून पठ्ठ्याने यांचा फोन घेतला, ॲप उतरवून दिलं, कानात इअरफोन घातले. "आत्तापासून प्रॅक्टिस करा, बाबा. नी स्ट्रॉंग पाहिजे." उर्वी तेव्हा पाणी आणायला आत गेली. ती बराच वेळ आतच होती. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आता वाटतं.

यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पहिल्या दिवशी दोन थांब्यांतच घरी आले, घामाघूम. पण सोडलं नाही. डिसेंबरच्या उन्हात टोपी घालून सहा थांबे. जानेवारीत नऊ. नववा थांबा म्हणजे घड्याळ, आणि आमच्याकडे ते दारूच्या दुकानाच्या बोर्डाखाली यायचं. तिथला माणूस यांना रोज हात करायचा, "हाऊ यू गोइंग, मेट?" त्याला वाटलं, म्हाताऱ्याला दारू सोडायची आहे पण सुटत नाही. मार्चमध्ये चौदाचे चौदा झाले. त्या दिवशी यांनी येऊन मला सांगितलं, "करुणा, मी पोचलो." मी शिरा केला.

शिवाय वही. खाणीत शिफ्ट संपली की पुढच्या माणसासाठी लिहून ठेवायची सवय, काय बिघडलंय, कुठे सांभाळायचं. तशी यांनी रूआँची वही लिहिली. कॉम्प्युटरवर तिथले रस्ते फोटोत बघत बसायचे आणि टिपायचे. इथे बाक आहे, सावलीत. इथे तीन पायऱ्या, कठडा डावीकडे. इथे दगड उंचसखल, हळू. इथे टॉयलेट, दहाला उघडतं. एवढं माझ्या बाळंतपणात लक्ष दिलं नव्हतं. मार्चअखेरीला अनुपने वही मागितली. "बुकिंग करताना लागेल, बाबा." यांनी आनंदाने दिली. मी चाइल्डकेअरच्या किचनमध्ये काम करते, तिथे मी तीन आठवड्यांची रजा टाकून मोकळी झाले. यांना नवे बूट घेतले. तारीख विचारली की अनुप म्हणायचा, "नो वरीज, आई, सांगतो." आणि मी येडी वरी करत नव्हते.

एप्रिलमध्ये पुण्याहून उर्वीच्या आईचा फोन आला. साधी बाई, तिच्या पोटात काही नसतं.

"विहीणबाई," ती म्हणाली, "सुखदेवरावांना खास थँक्यू सांगा हं. त्यांच्या वहीचे फोटो अनुपने पाठवलेत. आमच्या ह्यांचे गुडघे असे, मला धास्तीच होती. पण त्यांनी तर बाक न् बाक लिहून ठेवलाय! आता चौघं कसे निवांत फिरू."

"चौघं," मी म्हटलं.

"हो ना. आम्ही दोघं, ती दोघं. आम्ही इकडून पॅरिसला उतरणार, ती तिकडून येणार. तुमचं नाही जमलं म्हणे. सुखदेवरावांना एवढं चालणं झेपणार नाही, असं अनुप म्हणाला."

नीट जा म्हटलं. फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका! हे तेव्हा घरात नव्हते. झेपणार नाही म्हणे! तो माणूस तेव्हा चौदाव्या थांब्यावर होता, बार्बेक्यूपाशी.

ते आल्यावर मी सांगितलं. बूट सोडता सोडता ऐकलं त्यांनी. एक बूट पायात, एक हातात. मग म्हणाले, "काहीतरी गैरसमज असेल."

शनिवारी अनुपला बोलावून घेतलं. एकटाच आला. मी चहासुद्धा विचारला नाही.

"मम, लिसन," तो म्हणाला, "आय सेड वी. वी म्हणजे मी अँड उर्वी. मी आपण म्हणालो असेन, पण माझं मराठी किती क्रॅप आहे, यू नो दॅट! मला ते आपण-आम्ही कधीच कळलं नाही."

"आणि वही?" मी विचारलं. "वही पण मराठीत मागितलीस म्हणून चुकली का?"

तो टेबलावरची गाडीची किल्ली फिरवत राहिला.

"आठ महिने तुझा बाप उन्हातान्हात चालतोय, अनुप. दर रविवारी येऊन विचारायचास, आज किती स्टॉप, बाबा? एकदा तरी सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"आय थॉट ही वॉज एंजॉयिंग द वॉक," तो म्हणाला. "त्यांच्या नीला चांगलंच होतं ना? आणि उर्वीच्या आईबाबांनी काहीच बघितलं नाहीये. तुम्ही तर इथेच असता. आपण... वी कॅन गो एनी टाइम."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी आवाज चढवणार तेवढ्यात यांनी हात वर केला.

"जाऊ दे, करुणा. मराठी कच्चं राहिलं त्याचं. शिकवणारा मीच ना." आणि अनुपकडे वळून म्हणाले, "चर्चच्या मागचा रस्ता टाळा. फोटोत दिसत नाही, पण बाई सांगते, तिथे चढ आहे. तिच्या सासऱ्यांना... म्हणजे तुझ्या सासऱ्यांना त्रास होईल."

अनुप खाली मान घालून गेला. दुसऱ्या दिवसापासून हे चालायला गेले नाहीत. दारूच्या दुकानातल्या माणसाने मला एकदा अडवून विचारलं, तुमचा मिस्टर आजारी आहे का? मी रजा रद्द केली. आणि खरं सांगू, पुढचे काही आठवडे मी त्या एकाच गोष्टीला चिकटून होते की पोराला शब्द कळला नाही. चुकला, फसवलं नाही. कालगुर्लीची ती गार भाजी मला आठवत होती, तरी मी मनात म्हणायची, लहान होता, विसरला असेल. आईला झोप यायला काहीतरी लागतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी सातच्या सुमाराला, आम्ही जेवायला बसलो होतो. वरण-भात, वांग्याची भाजी. फोन वाजला. अनुपचा व्हॉइस मेसेज. मी लावला. मागे गर्दी, कुणीतरी हसतंय, लांब कुठेतरी घंटा.

"आई, बाबा, आम्ही घड्याळाखाली उभे आहोत. खरंच एकच काटा आहे, बाबा! तुमचा बाक सापडला, उर्वीचे बाबा बसलेत त्याच्यावर. पुढच्या वर्षी आपण येऊ हं. तुम्ही जेवलात का?"

हे घास हातात धरून बसले होते. म्हणाले, "परत लाव."

मी परत लावला. यांनी डोळे मिटून ऐकला, पूर्वी त्याचं पाठांतर ऐकायचे तसा.

"आम्ही उभे आहोत," हे म्हणाले. "आपण येऊ." मग घास ताटात ठेवला. "दोन्ही बरोबर वापरले, करुणा. एकही चूक नाही."

त्यांचा आवाज फुटला. त्या माणसाला रडताना मी त्यांच्या आईच्या मयताला पाहिलं होतं, त्यानंतर आज. मला त्या क्षणी माझ्या पोटच्या पोराचा असा राग आला की तो समोर असता तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. शब्द कळला नाही म्हणे! सगळं कळत होतं त्याला. फादर्स डेला बाबांनी 'आपण?' असं विचारलं, तेव्हाही कळलं होतं.

फोनवर त्याचं नाव अजून उजळलेलं होतं. उत्तराची वाट बघत असणार. हे म्हणाले, "काहीतरी लिही त्याला, तिकडे काळजी करेल."

ताटातल्या भाताला दोघांनीही हात लावला नव्हता. मी फोन घेतला आणि मराठीत, नीट, एकेक अक्षर दाबून लिहिलं: आम्ही जेवलो.